जलप्रशासनातील विलीनीकरण : मिहिर शाह समितीचा अहवाल आणि जलशक्ती मंत्रालय – एक चिकित्सा

प्रस्तावना

नैसर्गिक साधनसंपत्तीचे प्रशासन अनेक खात्यांत विखुरलेले असणे हा दोष मानला जातो आणि ती खाती एकत्र करणे हा त्यावरील उपाय. पाण्याच्या बाबतीत हा दोष विशेष डोळ्यांत भरतो. धरणातले पाणी एका खात्याचे, विहिरीतले दुसऱ्याचे, नळातले तिसऱ्याचे आणि वापरून नदीत सोडलेले चौथ्याचे, अशी वाटणी भारतात दीर्घकाळ रूढ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या वेळी धरण, कूपनलिका आणि शहराची पाणीपुरवठा योजना या तिन्हींचे उत्तरदायित्व वेगवेगळ्या यंत्रणांकडे होते, आणि त्यांपैकी प्रत्येक यंत्रणा आपापल्या कक्षेपुरते खरे बोलत होती.

त्याच वर्षी जुलै महिन्यात मिहिर शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केंद्र शासनाला अहवाल सादर केला. केंद्रीय जल आयोग व केंद्रीय भूजल मंडळ या दोन्ही संस्था विसर्जित करून त्यांच्या जागी एकच राष्ट्रीय जल आयोग स्थापावा, ही त्यातील मध्यवर्ती शिफारस होती. पुढे मे २०१९ मध्ये जलसंपदा, नदीविकास व गंगा पुनरुज्जीवन मंत्रालय आणि पेयजल व स्वच्छता मंत्रालय यांचे एकत्रीकरण होऊन जलशक्ती मंत्रालय अस्तित्वात आले. दुसरी घटना ही पहिलीची परिपूर्ती होय, असा समज बराच रूढ आहे. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहिला आहे. त्याचबरोबर, विलीनीकरणातून नेमके काय एकत्र यावयास हवे आणि काय वेगळेच राहावयास हवे, या प्रश्नाकडे अहवालाचे झालेले दुर्लक्षही विचारात घेतले आहे.

दोन संस्था, दोन घडणी

केंद्रीय जल आयोगाचा उगम १९४५ मधील आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला व ए. एन. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन यांचा विचार खोऱ्याच्या पातळीवर एकत्रित व्हावा, ही त्यामागील दृष्टी. म्हणजे ज्या संस्थेवर आज एकांगीपणाचा आक्षेप घेतला जातो, तिचा जन्मच एकात्मिक विचारातून झाला होता. ही गोष्ट अहवालाच्या चर्चेत फारशी आठवली गेली नाही.

भूजल मंडळाची कथा निराळी आहे. कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतील समन्वेषी कूपनलिका संघटनेचे नामांतर होऊन १९७० मध्ये हे मंडळ निर्माण झाले आणि १९७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग त्यात विलीन करण्यात आला. हे मंडळ स्वतःच एका विलीनीकरणाचे फलित आहे. जल आयोगात स्थापत्य अभियंत्यांचे, तर मंडळात भूजलशास्त्रज्ञांचे प्राबल्य राहिले. एकीकडे पाणी अडविण्याची विद्या, दुसरीकडे पाणी शोधण्याची. ते वाटून घेण्याची विद्या मात्र दोहोंपैकी कोणत्याच संस्थेच्या घडणीत नव्हती.

अहवालाचे बलस्थान

समितीचा मूळ युक्तिवाद प्रशासकीय नसून जलशास्त्रीय आहे, आणि तेथेच त्याचे सामर्थ्य आहे. पावसाळा संपल्यावर द्वीपकल्पातील नद्यांत जे पाणी वाहते, ते मुख्यतः जमिनीतून झिरपून आलेले असते. विहिरी व कूपनलिकांतून उपसा वाढला, जलधरातील पातळी नदीच्या तळाखाली गेली, की हे झिरपणे थांबते आणि नदी हिवाळ्यातच आटते. नदी पुनरुज्जीवित करावयाची तर भूजलाचा उपसा आवरला पाहिजे, आणि भूजल टिकवावयाचे तर नदी व कालवे यांतून होणारे पुनर्भरण लक्षात घेतले पाहिजे. नदी एका संस्थेकडे आणि जलधर दुसरीकडे, ही विभागणी निसर्गाला मान्य नाही.

याला जोड दिली आहे ती सिंचनाच्या आकडेवारीची. अहवालाच्या वेळी देशात सुमारे ११३ दशलक्ष हेक्टर सिंचनक्षमता निर्माण झाली होती, तर प्रत्यक्ष वापर सुमारे ८९ दशलक्ष हेक्टरांवर होता. धरणे बांधून झाली, पाणी साठले, परंतु ते शेताच्या बांधापर्यंत पोचले नाही. दुसऱ्या बाजूस, देशातील सिंचनापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश सिंचन भूजलावर चालते. बांधकामाचे युग सरले असून व्यवस्थापनाचे युग सुरू झाले आहे, असा समितीचा निष्कर्ष या दोन तथ्यांतून स्वाभाविकपणे निघतो. प्रस्तावित आयोगात जलशास्त्र, भूजलशास्त्र, जलहवामानशास्त्र, नदी-परिसंस्था, परिसंस्थीय अर्थशास्त्र, कृषिशास्त्र आणि लोकसहभागी नियोजन या विषयांचे पूर्णवेळ आयुक्त असावेत, ही सूचनाही त्याच विचारधारेतील आहे. जल आयोगाच्या बाजूने तिला तीव्र विरोध झाला व अहवाल धरणविरोधी असल्याचा आरोपही झाला. हा आरोप अहवालावर अन्याय करणारा आहे. बांधलेल्या धरणातील पाणी शेतापर्यंत न्यावे असे म्हणणारा दस्तऐवज धरणविरोधी ठरत नाही.

अहवालाची उणीव

तथापि जलशास्त्रातून प्रशासनाकडे येताना समितीने एक पायरी गाळली आहे. नदी आणि जलधर हे एकच पाणी आहे, म्हणून त्यांचा हिशेब एक असावा, हे निर्विवाद होय. म्हणून त्यांचे कार्यालयही एक असावे, हे मात्र आपोआप सिद्ध होत नाही. हिशेब, नियोजन, बांधकाम, परवाना आणि तपासणी ही पाच वेगवेगळी कामे आहेत. त्यांपैकी कोणती एका हाती द्यावीत याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत सापडत नाही. ते सत्तेच्या स्वभावात शोधावे लागते.

या संदर्भात भूजल क्षेत्रातीलच एक अनुभव बोलका आहे. डिसेंबर १९९६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी १९९७ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्रीय भूजल प्राधिकरण घडविण्यात आले. ते घडविताना भूजल मंडळालाच प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला. शास्त्रीय पाहणी करणारी आणि परवाने देणारी संस्था अशा रीतीने एक झाली. पाहणीवरून एखादे क्षेत्र अतिशोषित ठरवावयाचे आणि त्याच क्षेत्रात उद्योगांच्या अर्जांवर निर्णय द्यावयाचा, असे दुहेरी काम तिच्याकडे आले. प्राधिकरणाची डिसेंबर २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये रोखली आणि सुधारित तत्त्वे यावयास सप्टेंबर २०२० उजाडला. दोषाला वेसण घातली ती न्यायाधिकरणाने, म्हणजे या रचनेच्या बाहेरच्या संस्थेने.

जल आयोगाच्या बाबतीतही हेच दिसते. प्रकल्पांचे संकल्पन करण्यास राज्यांना साहाय्य करणे आणि प्रकल्पांची तांत्रिक-आर्थिक छाननी करणे, ही दोन्ही कामे आयोगाकडेच आहेत. समितीने आयोगाच्या ज्ञानशाखीय एकांगीपणावर बोट ठेवले, पण या हितसंबंधीय एकत्वाकडे तिचे तेवढे लक्ष गेले नाही. सात विषयांचे आयुक्त एका मेजाभोवती बसविल्याने ज्ञानाची विविधता येईल. तथापि त्यांच्यात मतभेद झाला तर त्याची नोंद कोठे राहील? दोन स्वतंत्र संस्थांमधील मतभेद हा पत्रव्यवहारात उमटतो, संसदीय समितीपुढे येतो, न्यायालयात वाचला जातो. एकाच संस्थेतील मतभेद टिपणीवर सुरू होतो आणि बहुधा टिपणीवरच मिटविला जातो. खोऱ्यात पाणी उपलब्ध आहे असे एक संस्था म्हणते आणि त्याच खोऱ्यातील तालुके अतिशोषित आहेत असे दुसरी म्हणते, तेव्हा ही विसंगती नागरिकाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची माहिती असते. ती नाहीशी होणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे.

दामोदर खोऱ्याचा धडा

सर्व कामे एका छताखाली आणण्याचा प्रयोग भारतात पूर्वी झालेला आहे. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीसाठी एकसंध खोरे प्राधिकरणाची कल्पना पुढे आली. डॉ. आंबेडकरांनी तिचा हिरिरीने पाठपुरावा केला, आणि १९४८ च्या अधिनियमाने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पूरनियंत्रण, सिंचन, वीज, मृदसंधारण, वनीकरण इत्यादी कामे एकाच संस्थेकडे सोपविण्यात आली. केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल हे तिचे भागीदार होते.

मूळ आराखड्यातील धरणांपैकी तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) ही चारच महामंडळाने बांधली. कालव्यांचे जाळे १९६४ मध्ये पश्चिम बंगाल शासनाकडे गेले. महामंडळाची ओळख कालांतराने प्रामुख्याने वीज उत्पादक संस्था म्हणूनच उरली, आणि तीही बहुतांशी औष्णिक विजेची. याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विजेला ग्राहक होता आणि तिचे देयक निघत होते. मृदसंधारणाचे देयक कोणाच्या नावे काढावयाचे? एका संस्थेत अनेक उद्दिष्टे नांदू लागली की ज्या उद्दिष्टातून उत्पन्न येते ते इतरांना हळूहळू गिळते, आणि हे कोणी ठरवून करावे लागत नाही. पूर आला की धरणातून पाणी सोडण्याचा वाद पुन्हा उभा राहतो. सप्टेंबर २०२४ च्या पुरानंतरही पश्चिम बंगाल शासनाने महामंडळावर जाहीर दोषारोप केला. एकात्मिक संस्थेने भागीदार राज्यांतील ताण सोडविला नाही, फक्त त्याला एक कायमचा पत्ता मिळवून दिला.

भारताबाहेरही याच्याशी मिळताजुळता अनुभव आहे. वेल्समध्ये १ एप्रिल २०१३ रोजी निसर्गसंवर्धन, पर्यावरण-नियंत्रण आणि वनव्यवस्थापन पाहणाऱ्या तीन संस्था एकत्र करून नॅचरल रिसोर्सेस वेल्स ही संस्था स्थापन झाली. साधनसंपत्ती प्रशासनातील इतके संपूर्ण विलीनीकरण विरळाच. वनांची व्यवस्थापक आणि पर्यावरणविषयक परवान्यांची दाती एकच झाल्यामुळे अंतर्गत विलगीकरणाचे नियम करावे लागले. लाकूडविक्रीच्या करारांवरून २०१५-१६ ते २०१७-१८ अशी सलग तीन वर्षे तेथील महालेखापरीक्षकांनी संस्थेच्या हिशेबांवर आक्षेप नोंदविला आणि २०१८ मध्ये तिच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. येथे दोष उघड झाला तो लेखापरीक्षक विलीन झालेला नव्हता म्हणून, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

जलशक्ती मंत्रालय : काय एकत्र आले?

या पार्श्वभूमीवर २०१९ च्या एकत्रीकरणाकडे पाहिले असता त्याचे स्वरूप स्पष्ट होते. दोन मंत्रालये एका मंत्र्याखाली आली, परंतु जलसंपदा आणि पेयजल हे त्यांचे दोन स्वतंत्र विभाग कायम राहिले. ज्या दोन संस्थांच्या विलीनीकरणाची शिफारस समितीने केली होती, त्या केंद्रीय जल आयोग व केंद्रीय भूजल मंडळ या स्वतंत्रच राहिल्या. पाणलोट विकास ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाकडे, शहरी पाणीपुरवठा गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडे, जलप्रदूषण नियंत्रण पर्यावरण मंत्रालयाकडे, आणि पाण्याच्या मागणीवर सर्वांत मोठा प्रभाव टाकणारे पीकधोरण कृषी मंत्रालयाकडे, ही व्यवस्थाही तशीच राहिली. शिफारशीचा गाभा बाजूला ठेवून तिचे नाव तेवढे घेण्यात आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

प्रदूषण नियंत्रण बाहेर राहिले हे मात्र, हेतुपुरस्सर असो वा नसो, योग्यच झाले. नदीखोरे प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार लागणारी पर्यावरणीय मंजुरी जर प्रकल्प पुरस्कर्त्या मंत्रालयाकडेच आली असती, तर अर्जदार आणि न्यायाधीश एक झाले असते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये २०२२ मध्ये राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण स्थापन झाले, तेही याच तर्काने. विलीनीकरणाच्या घोषणा होत असताना, जेथे जीविताचा प्रश्न होता तेथे शासनाला वेगळी नियंत्रक संस्था निर्माण करावीशी वाटली. अर्थात त्याच अधिनियमाखालील राष्ट्रीय धरण सुरक्षा समितीचे अध्यक्षपद जल आयोगाच्या अध्यक्षांकडेच ठेवण्यात आले, हे नमूद केले पाहिजे.

नव्या मंत्रालयाची खरी कसोटी जलजीवन अभियानात लागली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या अभियानाने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. घोषणेच्या वेळी सुमारे ३.२३ कोटी ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. पुढील काही वर्षांत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. ही कामगिरी सामान्य नाही. पण नळाच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक ठिकाणी विहीर किंवा कूपनलिकाच आहे, आणि त्याच जलधरावर शेजारच्या बागायतीचे पंप चालतात. उद्भव टिकविण्याचे काम जलसंपदेचे, नळ जोडण्याचे काम पेयजलाचे, पंपाला वीज देण्याचे काम राज्याच्या वीज कंपनीचे. मंत्री एक झाला, तरी उपसा आवरण्याचा अधिकार त्या मंत्र्याच्या हाती नव्हताच. राज्यसूचीतील १७ व्या नोंदीनुसार पाणी हा राज्यांचा विषय आहे. संघसूचीतील ५६ व्या नोंदीने आंतरराज्य नद्यांबाबत केंद्राला अधिकार दिला, त्यावर १९५६ चा नदी मंडळ अधिनियमही झाला, पण त्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. समितीच्या अहवालात केंद्रीय रचनेचा जितका तपशील आहे तितका या राज्यपातळीचा नाही, ही त्याची दुसरी मोठी उणीव होय.

महाराष्ट्र : एक नियंत्रक, अनेक नोंदवह्या

राज्यपातळीवर प्रश्न कसा दिसतो हे पाहण्यास महाराष्ट्र सोयीचा आहे. येथे मोठी व मध्यम धरणे जलसंपदा विभागाकडे, लहान बंधारे व पाणलोटाची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे आहे. लघुसिंचन प्रकल्पांची वाटणी सिंचनक्षमतेच्या हेक्टरांवर ठरते. ओढ्याला ही मर्यादा ठाऊक नसते.

असे असले तरी नियंत्रणाच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राच्या पुढचे पाऊल टाकले होते. २००५ च्या अधिनियमाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले, आणि महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने त्याच प्राधिकरणाला राज्य भूजल प्राधिकरणाचे काम दिले. हा अधिनियम जून २०१४ पासून अमलात आला. खाती न मोडता, भूपृष्ठावरील व भूगर्भातील पाण्याचा नियंत्रक कायद्याने एक झाला, आणि तो बांधकाम करणारा नव्हता. रचना म्हणून ही राष्ट्रीय जल आयोगाच्या प्रस्तावाहून सरस आहे. तिचे पुढे जे झाले ते रचनेच्या दोषामुळे नव्हे. एकात्मिक राज्य जल आराखड्यासाठी २००५ च्या कायद्याने राज्य जल मंडळ व राज्य जल परिषद या संस्था नेमल्या, परंतु कित्येक वर्षे त्यांच्या बैठकाच झाल्या नाहीत. आराखड्याविना प्रकल्पांना मान्यता मिळत गेल्याचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे न्यावा लागला.

एकत्र यावयास हवी ती नोंदवही. नदीत झिरपून येणारे पाणी भूजल म्हणून एकदा आणि नदीचा प्रवाह म्हणून पुन्हा मोजले गेले, तर एकच थेंब दोनदा वाटला जातो, आणि दोन्ही खात्यांचे हिशेब स्वतंत्रपणे बिनचूक ठरतात. केंद्राच्या जलधर नकाशीकरण कार्यक्रमाने २०२३ पर्यंत सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने ग्रामपंचायतींना पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्यास शिकविले. या अंदाजपत्रकात पाऊस, विहिरी, बंधारे आणि पिकांची गरज एकाच तक्त्यात येतात. दिल्लीत जे साधले नाही ते एका गावाच्या तक्त्यात साधते, याचे कारण तेथे आयोग किंवा मंडळ यांच्या अस्मितेचा प्रश्न नसतो.

तालुका आणि प्रकल्प पातळीवर मात्र हा तक्ता तुटतो. १५ ऑक्टोबरचा धरणातील साठा प्रमाण धरून जलसंपदा विभाग वर्षाचे नियोजन करतो आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने ठरतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. जानेवारी, मार्च व मे यांखेरीज तिचा चौथा महिना ऑक्टोबरच आहे. लाभक्षेत्रातील विहिरी ज्या कालव्याच्या झिरप्यावर भरतात त्या कालव्याचे आवर्तन ठरविताना विहिरींची ऑक्टोबरची पातळी समितीसमोर ठेवणे बंधनकारक करण्यास कोणतेही खाते विसर्जित करावे लागत नाही, आणि दोन्ही नोंदींखाली दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या राहण्यासही त्यामुळे बाध येत नाही.